क्लेप्टोक्रसीला मराठीत काय म्हणायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात मुद्रितशोधनाचं काम करतो. मागे एका अनुवादित लेखात 'क्लेप्टोक्रसी' हा शब्द आला आणि अनुवादकानं सरळ 'भ्रष्ट सरकार' असं करून टाकलं होतं. मी समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह केलं. ते प्रश्नचिन्ह पुढे चहाच्या टपरीवर गेलं, तिथून सोसायटीच्या गच्चीवर, आणि मग लोक फोन करून विचारायला लागले. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाची उत्तरं लिहून ठेवतो.

क्लेप्टोक्रसी म्हणजे नक्की काय?

राज्य चालवणारेच चोर, आणि राज्ययंत्रणा हे त्यांचं चोरीचं हत्यार, अशी राजवट. सरकारात दोनचार चोर शिरलेत एवढंच म्हणायचं असेल तर हा शब्द लागू होत नाही. इथे कर, परवाने, सरकारी बँका, खाणी, लष्कर हे सगळं वरच्या काही माणसांची घरं भरण्यासाठी राबत असतं. जनतेची कामं झालीच तर जाता जाता होतात.

शब्द आला कुठून?

ग्रीकमधून. 'क्लेप्टीस' म्हणजे चोर आणि 'क्रातोस' म्हणजे सत्ता. डेमोक्रसीतला मागचा भाग तोच. पुढचा भाग आपल्या ओळखीचा आहे क्लेप्टोमेनियामुळे, म्हणजे गरज नसताना वस्तू उचलण्याची विकृती.

याच धातूचं आणखी एक भावंड आहे, 'क्लेप्सिड्रा'. प्राचीन ग्रीसमधलं पाण्याचं घड्याळ. शब्दशः 'पाणीचोर'. भांड्याला बारीक भोक असायचं, त्यातून पाणी थेंबाथेंबानं निसटत जायचं. अथेन्सच्या न्यायालयात कोणी किती वेळ बोलायचं ते यावर ठरे. आपल्या घटिकापात्राचं काम उलटं: त्यात पाणी आत येतं आणि ते बुडतं. मला ही जोडी फार आवडते, पण विषयांतर नको.

इंग्रजीत हा शब्द १८१९ साली स्पेनच्या संदर्भात वापरलेला सापडतो. नंतर तो बराच काळ अडगळीत होता. स्टानिस्लाव आंद्रेस्की या समाजशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये आफ्रिकेतल्या नव्या राजवटींबद्दल लिहिताना तो पुन्हा बाहेर काढला, आणि मग झाईरचा मोबुटू (१९६५ ते १९९७), फिलिपाइन्सचा मार्कोस, इंडोनेशियाचा सुहार्तो यांच्या नावांना तो कायमचा चिकटला. भ्रष्टाचारावर नजर ठेवणाऱ्या ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल या संस्थेनं २००४ मध्ये अशा राज्यकर्त्यांची यादी काढली. तिच्यात पहिला सुहार्तो होता, लुटीचा अंदाज १५ ते ३५ अब्ज डॉलरचा. मोबुटूचा अंदाज ५ अब्ज. हे आकडे लाच या शब्दात मावतच नाहीत, म्हणून वेगळा शब्द लागला.

मग 'भ्रष्टाचार' म्हटलं तर काय बिघडलं?

बिघडतं, कारण 'भ्रष्टाचार' हा शब्द वेगळंच चित्र काढतो. मूळ धातू 'भ्रंश्', म्हणजे घसरणं, खाली पडणं. पदभ्रष्ट, स्थानभ्रष्ट, बुद्धिभ्रष्ट हे सगळे त्याच घरातले. भ्रष्टाचार म्हणजे ज्याचा आचार घसरला त्याचं वागणं. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी या शब्दात पैशाचा वासही नव्हता. विटाळ झाला, परजातीत जेवला, समुद्र ओलांडला की माणूस 'भ्रष्ट' व्हायचा आणि प्रायश्चित्त घेऊन परत शुद्ध व्हायचा. आजही जुन्या वळणाची आजी "भ्रष्ट केलंस सगळं" म्हणते ते स्वयंपाकघरातल्या खरकट्या हाताबद्दल.

आता बघा, घसरायला आधी उंचावर असावं लागतं. 'भ्रष्ट' म्हणताना आपण गृहीत धरतो की माणूस मुळात चांगला, व्यवस्था मुळात नीट, मधेच कुठेतरी पाय घसरला. क्लेप्टोक्रसीत कोणाचा पाय घसरलेला नसतो. तिथे सगळे अगदी ताठ उभे असतात.

'लाच' तरी मराठी आहे का?

संस्कृतात 'लञ्चा' आहे, आणि तो शब्द सगळ्या दक्षिणेत पसरलाय. कन्नडात 'लंच', तेलुगूत 'लंचमु', तमिळात 'लंचम', गुजरातीत 'लांच'. आपणही पूर्वी 'लांच' असंच लिहीत होतो. शुद्धलेखनाच्या नव्या नियमांनी अनुस्वार काढून घेतला; लाच तेवढी राहिली. हिंदीवाल्यांनी मात्र रिश्वत आणि घूस धरली. संस्कृतात आणखी एक भारदस्त शब्द आहे, 'उत्कोच'. तो कोणी बोलत नाही. असा शब्द वापरून लाच मागितली तर समोरच्याला ती कळणारही नाही.

आपल्याकडे पैसे 'खातात' असंच का म्हणतात?

हा खरा प्रश्न. मराठीतला हा सगळा व्यवहार स्वयंपाकघरातून चालतो. पैसे खाणं, चारणं, मलिदा, खिरापत, चहापाणी, खाबूगिरी, नैवेद्य दाखवणं, हात ओले करणं. अगदीच नीचपणा असेल तर मढ्याच्या टाळूवरचं लोणी. गावातल्या टाकीचं बिल निघालं आणि टाकीच नाही, तर लोक "टाकी चोरली" म्हणत नाहीत, "टाकी खाल्ली" म्हणतात.

हे जुनं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, जिभेवर ठेवलेला मध चाखल्याशिवाय राहता येत नाही, तसा राजाचा पैसा हाताळणाऱ्याला तो थोडा तरी चाखल्याशिवाय राहवत नाही, असा दाखला आहे. पाण्यात फिरणारा मासा पाणी कधी पितो ते कळत नाही, हा दुसरा दाखला त्याच्याच शेजारी. आपलं 'तळे राखील तो पाणी चाखील' याच कुळातलं. फक्त कौटिल्य पहारा कसा बसवायचा ते पुढे सांगतो, आणि आपण म्हण सांगून झोपायला जातो.

त्याच ग्रंथातलं एक वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जो अधिकारी महसूल घटवतो तो राजाचं धन खातो, आणि जो ठरल्याच्या दुप्पट महसूल आणून दाखवतो तो 'जनपदं भक्षयति', देश खातो. पहिला साधा लाचखाऊ. दुसऱ्यानं मात्र कदाचित एक पैसाही स्वतःच्या घरी नेलेला नाही, वर सगळा भरणा चोख आहे. तरी कौटिल्य म्हणतो, हा देश खातोय. क्लेप्टोक्रसीच्या आसपास आपल्याकडचं कोणी पोचलं असेल तर ते इथे.

पण 'खाणं' या शब्दाची एक अडचण आहे. खाणं हे पाप नाही. पोट सगळ्यांना आहे. "खातो, पण काम करतो" हे वाक्य मी पुण्यात निदान हजारदा ऐकलं असेल, आणि ते दर वेळी कौतुकानं म्हटलेलं असतं. त्यात 'खातो'च्या जागी 'चोरतो' घालून म्हणून बघा. जीभ अडखळते.

'फाईलवर वजन ठेवणं' कुठून आलं?

सरकारी कचेरीतला पंखा, सुटे कागद आणि त्यावरचा काचेचा गोळा ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. वडील गेल्यावर वारसनोंदीसाठी मी एका कचेरीत तिसऱ्यांदा गेलो होतो. अर्ज, मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, सगळं जोडलेलं. टेबलामागच्या गृहस्थांनी माझी फाईल तळहातावर घेतली, अगदी भाजीवाला लसणाची जुडी तोलतो तशी, आणि म्हणाले, "काका, फाईल हलकी आहे हो. उडून जाईल." मला खरंच वाटलं एखादं जोडपत्र राहिलंय. मी पिशवीतून आणखी एक झेरॉक्स काढून दिली. त्यांनी माझ्याकडे ज्या करुणेनं पाहिलं ती मी विसरणार नाही. बाहेर आल्यावर एजंटानं अर्थ सांगितला. मी वजन ठेवलं नाही, यात शौर्य काही नव्हतं, राग होता. नोंद व्हायला आणखी पाच महिने लागले. सरकारी काम अन् सहा महिने थांब, ही म्हण आम्ही एक महिन्यानं हरवली.

पेशवाईत याला काय म्हणत?

'दरबारखर्च' आणि 'अंतस्थ'. पहिला उघड, दुसरा नावाप्रमाणे आतला.

ही यंत्रणा कशी चाले ते एल्फिन्स्टन या इंग्रज अधिकाऱ्यानं पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाबद्दलच्या १८१९ च्या अहवालात फार नीट सांगितलंय. (योगायोग असा की इंग्रजीत क्लेप्टोक्रसी शब्द सापडतो तेही हेच साल.) मामलेदार गावांवर मूळ साऱ्याखेरीज किरकोळ खर्चासाठी एक जादा पट्टी बसवी. तिच्यातून दरबारातल्या मंत्र्यांना आणि हिशेब तपासणाऱ्यांना पैसे जात. होता होता या लाचेची रक्कम ठरून गेली, ती हिशेबात रीतसर लिहिली जाऊ लागली आणि इतर खर्चासारखी तपासलीही जाऊ लागली. आता ती लाच उरली नाही, फी झाली. पण लाच तर हवीच! मग तिच्यासाठी पुन्हा वेगळी वसुली. आणि अशा नाजूक बाबतीत तपासनीस फार खोलात जात नसल्यामुळे मामलेदार वरच्यांना देई त्याहून जास्त स्वतःसाठी गोळा करी.

लाच मुरून फी होते आणि तिच्या डोक्यावर नवी लाच बसते, हे ज्यानं एकदा समजून घेतलं त्याला आजची टक्केवारी समजायला वेगळा अभ्यास लागत नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात तर मामले जो जास्त बोली लावेल त्याला मक्त्यानं दिले जात. मक्तेदाराला माहीत असे की पुढच्या वर्षी आपण असू की नाही कोण जाणे, म्हणून तो यंदाच पिळून घेई.

त्या जादा पट्टीचं नाव 'सादिलवार'. शब्द मुळात अरबी, 'सादिर वारिद', जाणारं-येणारं. तो मेलेला नाही. जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शिक्षकाला 'सादिल' म्हणजे काय ते विचारा. खडू, रजिस्टरं, झाडू यांच्यासाठी शाळेला मिळणारे चार पैसे. शब्द इतका गरीब झालेला पाहून वाईट वाटतं.

घाशीराम कोतवाल याच मालिकेतला का?

पूर्ण नाही. तो १७७७ ते १७९१ पुण्याचा कोतवाल होता. कोंडून ठेवलेले ब्राह्मण गुदमरून मेले आणि चिडलेल्या लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. त्याचं नाव बोलण्यात उरलं ते जुलमी अंमलदार म्हणून. जुलूम आणि चोरी एकत्र नांदतात, पण शब्द वेगळे ठेवलेले बरे.

मराठीत सरकारी खाण्याला कोणी कधी 'चोरी' म्हटलंच नाही का?

म्हटलं, आणि ज्यानं म्हटलं त्याच्या नावानं पुण्यात निम्म्या वास्तू आहेत. ५ सप्टेंबर १६७६ ला शिवाजी महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला पाठवलेलं पत्र बघा. त्यातला मजकूर: "चोरी न करावी, इमाने इतबारे साहेबकाम करावे, ऐसी तू क्रियाच केली आहेस. तेणेप्रमाणे येक भाजीच्या देठास तेही मन न दाखविता, रास व दुरुस वर्तणे." क्रिया म्हणजे शपथ, रास व दुरुस म्हणजे सरळ आणि चोख.

भाजीच्या देठाचं वाक्य भाषणांत सगळे घेतात. त्याच्या आधीचं 'चोरी न करावी' कोणी घेत नाही. सुभेदार काही रात्री घरफोडी करणार नव्हता. तो जे करण्याची शक्यता होती त्याला आज आपण खाणं, चिरीमिरी, वरकमाई म्हणतो. पत्रात त्याला चोरी म्हटलंय, आणि मन भाजीच्या देठापर्यंतही जाऊ द्यायचं नाही असं बजावलंय. म्हणजे तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी राज्यकारभाराच्या मराठीत हा शब्द होता. मधल्या काळात आपण त्याच्या जागी ताट मांडलं.

जोतीराव फुले हे दुसरं नाव. त्यांनी एकेका लाचखाऊ कारकुनाची तक्रार करून थांबायचं नाकारलं. शेतकरी महसूल खात्यातून कोर्टात, कोर्टातून दुसऱ्या खात्यात कसा नागवला जातो, ही अख्खी साखळी त्यांनी १८८० च्या दशकात दाखवली, आणि ती साखळी कोणत्या जातीच्या हातात होती तेही मुलाहिजा न ठेवता लिहिलं. ते स्वतः पुणे नगरपालिकेचे सभासद होते. कचेरी आतून पाहिलेला माणूस.

मोगलाई, अंधेरनगरी, पोपाबाईचं राज्य यातलं एखादं चालेल का?

तिन्ही शब्द झकास, पण अर्थ वेगळा. 'मोगलाई' म्हणजे धाकदपटशा आणि मनमानी ("ही काय मोगलाई लागून गेलीय?"). मराठवाड्याकडे ती निजामाच्या मुलखाची साधी ओळख होती, हेही विसरू नये. अंधेरनगरीत न्याय-अन्याय कळेनासा होतो. पोपाबाईच्या राज्यात कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नसतो. क्लेप्टोक्रसीत गोंधळ नसतो हो. कोणाला किती, कुठल्या खात्यात, कुठल्या देशात, सगळं शिस्तीत असतं.

म्हणींपैकी 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' जवळची वाटते, पण तीही गबाळेपणाबद्दलच आहे. नेमकी म्हण एकच: कुंपणच शेत खातं. राखणीसाठी उभारलेलीच गोष्ट खाणारी निघाली. पुन्हा 'खातं' आलंच, पण इथे ते बोचतं.

मग प्रतिशब्द कुठला?

माझं मत: चोरशाही.

'चौर्यतंत्र' सुचवणारे बरेच भेटतात. संस्कृतच्या अंगानं अगदी निर्दोष, पण ऐकणाऱ्याला वाटतं चोरी शिकवण्याचा अभ्यासक्रम असावा. 'लूटशाही' वाईट नाही, पण लूट उघड, दिवसाढवळ्या, घोड्यावर बसून होते. क्लेप्टीस हा गुपचूप नेणारा. शिवाय 'लूट' आपण इंग्रजांना अठराव्या शतकातच देऊन टाकलाय. त्यांच्याकडचा 'लूट' आपल्याच भाषांतून गेलेला आहे, आणि कंपनी सरकारनं तो शब्द रिकाम्या हातानं नेला नाही.

'शाही' हा प्रत्यय मुळात बादशहाचा, पण मराठीनं त्याला असा काही कामाला जुंपलाय की विचारू नका. लोकशाही, नोकरशाही, हुकूमशाही, घराणेशाही, दडपशाही, झुंडशाही. अगदी भुतालासुद्धा राज्य दिलं: झोटिंगशाही. तिथे चोराला एक जागा मिळायला हरकत नसावी. चोरशाही म्हटलं की दहावीतल्या पोरालाही कळतं, टीप द्यावी लागत नाही. त्या लेखात मी तोच शब्द सुचवला. संपादकांनी पहिल्या ठिकाणी 'चोरशाही' ठेवला आणि पुढे सगळीकडे 'क्लेप्टोक्रसी'. पुण्यातली तडजोड.

काकिस्टोक्रसी आणि प्लुटोक्रसी म्हणजेही हेच का?

नाही. काकिस्टोक्रसी म्हणजे सर्वांत नालायक माणसांचं राज्य. शब्द सतराव्या शतकातला, पण २०२४ मध्ये 'द इकॉनॉमिस्ट'नं त्याला वर्षाचा शब्द ठरवल्यामुळे वर आला. प्लुटोक्रसी म्हणजे धनिकांचं राज्य. धनिक आपल्या पैशानं सत्ता विकत घेतो. चोरशाहीत सत्तेतून पैसा केला जातो. व्यवहारात दोघं एकाच टेबलावर जेवतात.

आपल्याकडे चोरशाही आहे असं म्हणता येईल का?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण उत्तर ठरवूनच आलेले असतात, सत्तेत कोण आहे त्याप्रमाणे. मी शब्दापुरतं बोलतो. जिथे राज्यकर्त्यांना विचारायची सोयच उरलेली नाही, तपासणारा, न्यायाधीश, बँक सगळे त्यांचेच, तिथे हा शब्द वापरावा. महाराष्ट्रानं लोकायुक्तांचा कायदा १९७१ सालीच केला. माहिती अधिकाराचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ ला अमलात आला, त्याच दिवशी देशातला पहिला अर्ज पुण्यातल्या एका पोलीस ठाण्यात दाखल झाला. ही दारं कुरकुरतात, कधी कधी आतून कडी असते, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण दार आहे तोवर मी 'चोरशाही' जपून वापरीन. रोजच्या चिरीमिरीला तो शब्द लावला तर खऱ्या चोरशाहीसाठी आपल्याकडे काही शिल्लक राहणार नाही.

पेटी, खोका यांचं काय?

मुंबईची देणगी. पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी. २०२२ मध्ये विरोधकांच्या घोषणेमुळे खोके विधानभवनाच्या पायऱ्यांपर्यंत पोचले आणि तेव्हापासून पुठ्ठ्याच्या साध्या खोक्याला 'खोका' म्हणताना लोक गालात हसतात. 'हप्ता' जुना: फारसीत त्याचा अर्थ फक्त आठवडा.

लाच देणाराही गुन्हेगार असतो का?

हो. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली, त्यानंतर देणाराही थेट कलमात आला. नाइलाजानं द्यावी लागली असेल तर सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवावं लागतं, मग सूट आहे. कोणी मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४.

सापळ्याबद्दल एक गंमत. तक्रारदाराच्या नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पांढरी पूड लावलेली असते. घेणाऱ्याची बोटं पंचांसमोर सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात आणि पाणी गुलाबी होतं. 'रंगेहाथ' हा शब्द त्याच्या कितीतरी आधीचा आहे. रसायनशास्त्रानं तो नंतर खरा केला.

क्लेप्टोक्रसी की क्लेप्टोक्रेसी?

दोन्ही चालतं, पण एका लेखात एकच ठेवा. आणि जोडाक्षराची फार कटकट वाटत असेल तर चोरशाही लिहा. चार अक्षरं, शब्दकोड्यातही बसतो.